कुलुपाचे अंतरंग
(वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. आपण लोहार-पांचाळ. नांगराचा फाळ, गाडीची धाव, विळा, कुऱ्हाड यांविषयी या व्यासपीठावरून पुष्कळ बोलून झाले आहे. कुलूप मात्र नेहमी मागे राहिले. आज धाराशिव, तुळजापूर, उमरगा येथील बाजारात आपले काही तरुण किल्ल्या करण्यास बसतात. किल्लीवरून किल्ली ते यंत्रावर उत्तम काढतात. परंतु ती किल्ली ज्याच्यात फिरते त्याच्या पोटात काय आहे, हे त्यांतील पुष्कळांस सांगता येत नाही.

यात काय बिघडते, असे कोणी म्हणेल. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका खेड्यात कपाटातील दागिने गेले. कुलूप फुटले नव्हते व किल्ली धन्याच्या कमरेलाच होती. तेव्हा चोर घरचाच, असा न्याय गावाने देऊन टाकला आणि संशय धाकट्या सुनेवर आला. ती माहेरी जाऊन बसली. आपल्यातील एका वृद्ध कारागिराने पंचांसमक्ष ते कुलूप सोडविले व आतील पितळी खिळ्या भिंगाखाली धरल्या. रोजच्या किल्लीने खिळीचे टोक झिजून गुळगुळीत होते. येथे त्या गुळगुळीत भागावर ताजे, वेडेवाकडे ओरखडे होते. आणि तसेच ओरखडे, जेथे किल्लीचे अंग कधी टेकत नाही अशा जागीही होते. कुलपात हत्यार फिरले होते, हे उघड झाले. सून सासरी परत आली. उलटपक्षी, ओरखडे नसते तर ती दोषी ठरती काय? मुळीच नाही. चोरून काढलेली किल्लीही मूळ किल्लीसारखीच निमूटपणे चालते.

आता अडचण ही की, भारी कुलुपांच्या खिळ्यांवर कारखानदार मुद्दामच खाचा पाडतात. ज्यास कुलुपाची जात ओळखता येत नाही, तो मूळच्या खाचेलाच चोराची खूण समजेल. म्हणून आधी ओळख हवी.

साधे कुलूप उघडले तर आत एक कमान व दोन-चार आडवे कठडे दिसतात. आपल्याकडील जुन्या पेट्यांना अशीच कुलुपे असत. त्यांत सुरक्षितता थोडी व वजन फार. त्यावरची पायरी लिव्हरची. एकावर एक रचलेल्या पितळी पट्ट्या, प्रत्येकीत एक खाच. किल्लीने सर्व पट्ट्या नेमक्या उंचीवर आल्या की खाचा एका रेषेत येतात आणि बोल्टवरील खुंटी त्यांतून जाते. कमी नाही व अधिकही नाही, हे तत्त्व इंग्लंडात रॉबर्ट बॅरन याने १७७८ मध्ये आणले. १८१८ मध्ये चब याने अशी योजना केली की, एखादी पट्टी अधिक उचलली गेल्यास ती अडकून राहावी व धन्यास कोणी हात घातल्याचे कळावे. आपल्या मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कारखाना काढला तो कुलुपांचाच. त्यांच्या कंपनीच्या नवताल कुलुपावर लिव्हरांची संख्या कोरलेली असते. तरी उघडलेले कुलूप हाती आल्यास पट्ट्या स्वतः मोजाव्यात. खाचेशेजारी आणखी उथळ, खोट्या खाचा दिसल्या तर ते भारी कुलूप जाणावे.

येथे हॉब्ज नामक अमेरिकन कारागिराची आठवण होते. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी त्याने चबचे कुलूप उघडून दाखविले. पुढे ब्रामा यांच्या दुकानात दोनशे गिनींच्या आव्हानासह वर्षानुवर्षे मांडलेले कुलूपही त्याने उघडले. त्यास सोळा दिवसांत मिळून सुमारे ५१ तास लागले. इंग्रजांचा मोठा अभिमान त्या उन्हाळ्यात उतरला. पण हॉब्जजवळ जादू नव्हती. कोणता भाग कोणत्या भागास अडवितो याचे ज्ञान होते.

खिळ्यांचे कुलूप मूळचे प्राचीन मिसरातील लाकडी कुलुपाचे भावंड. त्यास आजचे सुटसुटीत रूप लायनस येल (धाकटे) यांनी १८६० नंतरच्या दशकात दिले. प्रत्येक छिद्रात खालची खिळी, वरची खिळी व कमान. वरची खिळी सरळ नळीसारखी असेल तर कुलूप साधे. तीच डमरूसारखी मध्ये बारीक असेल, किंवा तिच्यावर स्क्रूप्रमाणे आटे असतील, तर ती चकविण्यासाठीच घडविलेली आहे. ही झीजही नव्हे व ओरखडाही नव्हे. खालच्या खिळीचे टोक छिन्नीसारखे तिरपे असून बगलेत एक स्वतंत्र पट्टी असेल, तर ते अमेरिकेतील मेडेको पद्धतीचे; त्यात खिळी उचलून भागत नाही, ती योग्य कोनात वळावी लागते. खिळीच्या पोटात दुसरी खिळी निघाली तर ते इस्रायलच्या मल-टी-लॉक धाटणीचे. आणि खिळीच नाही, केवळ खाचा असलेल्या चकत्यांची चळत निघाली, तर तो फिनलंडच्या एमिल हेन्रिक्सन याने १९०७ मध्ये काढलेला ॲब्लॉय प्रकार. त्या चकत्यांना कमानी नसतात. आमच्या मते सर्वांत सुंदर रचना हीच.

सोडविताना भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कागदावर मांडावेत. तेल पुसण्यापूर्वी भिंगातून पाहावे, कारण फडक्याने पुसल्यावर नवे चरे पडले की जुने यांचा वाद उरतो. आणि कुलूप कोणाचे, आणले कोणी, हे विचारल्यावाचून हात लावू नये. पूर्वी बलुतेदाराला सारा गाव ओळखीचा असे, आज दुकानापुढे उभा राहणारा मनुष्य कोण हे आपणास ठाऊक नसते.

१९९३ च्या सप्टेंबरातील भूकंपात उमरगा भागातील दगडी घरे पडली. त्यांच्या दारांवरची जुनी कुलुपेही ढिगाऱ्यांत गेली. जी कोणाच्या माळ्यावर, अडगळीत उरली असतील ती मोडीत घालू नयेत. मंडळाच्या कार्यालयात आम्ही एक लाकडी पेटी ठेविली आहे. तीत आजवर चौदा कुलुपे जमली असून त्यांतील नऊ उघडून, भाग दोऱ्याने बांधून, चिठ्ठी लावून ठेविली आहेत. ॲब्लॉय धाटणीचे एकही नाही. पुण्या-मुंबईस कारखान्यांत असलेल्या बांधवांपैकी कोणास बाद झालेले असे कुलूप मिळाले, तर किल्ली नसली तरी पाठवावे. रविवारी सकाळी दहापासून आम्ही तेथे असतो.