भीती पायरीपायरीने उतरते
झुरळ दिसताच खोली सोडणाऱ्याला आपण भित्रा म्हणून हसतो. आम्हांला हा अन्याय वाटतो. भयगंड जडलेल्या माणसाला आपली भीती अवाजवी आहे हे बहुधा ठाऊकच असते. म्हणून नुसत्या उपदेशाने ती जात नाही. पळताच हायसे वाटते, आणि त्या सुटकेनेच भीती बळावते, असे मानसशास्त्रज्ञ सांगतात. मग उपाय कोणता? मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीने १९२४ साली सशाला भिणाऱ्या पीटर या बालकाची हकीकत प्रसिद्ध केली. तो आवडीचा खाऊ खात असता पिंजऱ्यातला ससा हळूहळू जवळ आणीत. अखेर पीटर सशाला कुरवाळू लागला. आजचे उपचारही असेच पायरीपायरीने चालतात. तेव्हा घरातल्या भित्र्याला हसू नका, ढकलूही नका. त्याच्या सोबतीने एकेक पायरी उतरा.