मांडवातला उजेड

(मंडळाच्या वर्धापनदिनी, मांजरसुंबा येथे केलेले भाषण)



आज मी दोन शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. मला भाषणाची सवय नाही. फोटो काढताना ‘इकडे बघा’ म्हणायचे, एवढेच माझे वक्तृत्व! तेव्हा लग्नाच्या फोटोंतील प्रकाशयोजनेचे तीन दिवसांचे शिबिर मी संभाजीनगरला जाऊन केले, तिथे काय शिकले तेच सांगते.

आधी का गेले ते सांगायला हवे. धाकट्या वन्संचे लग्न आपल्या इथेच झाले. वैशाखातले ऊन, दुपारचा मुहूर्त, लाल कापडाचा मांडव. कॅमेरा माझ्या हाती. अल्बम आला तेव्हा वऱ्हाडाचे चेहरे हळद सोडून कुंकू फासल्यासारखे लाल, आणि नवरीचे तोंड फ्लॅशने पांढरेफटक. त्याचे हसू झाले, ते सोसले. पण सासूबाईंनी अल्बम दोनदा उलटून पाहिला आणि हळूच विचारले, “मी नव्हते का गं तिथं?”

होत्या ना! मामंजी गेल्यापासून त्या शुभकार्यात मागे उभ्या राहतात. त्या दिवशीही खांबाजवळून अक्षता टाकीत होत्या. फोटोत त्या जागी नुसता काळोख होता. लेकीच्या लग्नात आई नाही, आणि हा दोष कुणा परक्या फोटोवाल्याचा नव्हे, माझा. म्हणून शिकायला गेले.

शिबिरात आम्ही दोघीच बायका. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्यांनी कॅमेरा हाती धरू दिला नाही. आपला तळहात डोळ्यांसमोर धरून मांडवभर फिरायचे आणि उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते ते पाहायचे. भगिनींनो, दाण्यातला खडा शोधायला आपण सूप उजेडाकडे नेतोच की. तेच हे शास्त्र.

दुसरी गोष्ट कापडाची. ऊन ज्या कापडातून गाळून येते त्याचा रंग चेहऱ्यावर उतरतो. म्हणून मांडववाल्याला आधीच सांगावे, की वधूवरांच्या डोक्यावर तेवढे पांढरे कापड लाव. त्याला जास्त खर्च नाही. शिवाय फ्लॅश तोंडावर न मारता त्या पांढऱ्या छतावर मारला की उजेड मऊ होऊन खाली येतो.

तिसरी गोष्ट माझ्या वर्मावर बसली. दिव्यापासून अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. फ्लॅश नवरीपासून चार फुटांवर आणि आई आठ फुटांवर, तर आईच्या वाट्याला चार आणेच उजेड. तोच मोठा दिवा नवरीपासून बारा फूट मागे नेला, तर सोळा फुटांवरच्या आईला आठ आण्यांहून जास्त मिळतो. मागे एक दुसरा दिवा ठेवला तर प्रश्नच मिटला. हे गणित ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर तो खांबच उभा होता.

आणखी एक. पुष्कळ आया येऊन कानात सांगतात, “पोरगी जरा गोरी येऊ द्या.” भडक उजेडाने चेहरा पांढरा होतो, गोरा नव्हे, नाकडोळेच पुसले जातात. सावळ्या मुलीला बाजूने मऊ उजेड दिला की तिचा स्वतःचा रंग झळकतो. तो लपवायचा कशाला?

हे पुरुषांचे काम, असे मला पुष्कळांनी सुनावले. त्यांना मी एक जुनी हकीकत सांगते. आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता, त्या काळची. निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला, आणि पडद्यातल्या बायकांचे फोटो काढण्याचे ते काम केनी-लेव्हिक नावाच्या बाईंकडे सोपवले. पुढे होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार झाल्या. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन त्या पंतप्रधानांच्या समारंभांना जात. मग आपण हळदीच्या मांडवात जायला का बिचकावे? चुडा भरताना, हळद लागताना नवरी बाईमाणसासमोर मोकळी असते, हा तर आपला फायदाच.

शिबिरानंतरचे पहिले लग्न मी घेतले ते एका विधवा आईच्या मुलीचे. मी दुसरा दिवा मागच्या खांबाशी ठेवला. मंगलाष्टके चालू असता आईने डोळ्याला पदर लावला, तो फोटो स्वच्छ आला. त्या मुलीने अल्बममधला तोच एक फोटो मोठा करून मागितला.

पण भगिनींनो, दिव्याचे काम तिथे संपते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, हे आपण वाचले असेल. खांबापर्यंत उजेड नेणे माझ्या हाती आहे. त्या माउलीचा हात धरून तिला लेकीशेजारी उभे करणे आपणा सर्वांच्या हाती आहे. घरातल्या पुढच्या लग्नात आपण तेवढे करावे, एवढीच विनंती. आणि ज्या मुलींना हे काम शिकायचे असेल त्यांनी माझ्या घरी यावे. चहा मिळेल, दिवाही हाती मिळेल.