गाडीचा रंग आणि आतली धग

अकोल्या-नागपुरात मे महिन्याच्या दुपारी उन्हात उभी असलेली गाडी उघडली, की तोंडावर भट्टीची झळ येते. काळी गाडी जास्त तापते, हे खरंच, पण किती? कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेनं २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक काळी आणि एक चंदेरी मोटार तासभर उन्हात ठेवली होती. टपाच्या तापमानात फरक पडला तब्बल २५ अंशांचा. आतल्या हवेत मात्र जेमतेम ५-६ अंश! कारण बरंचसं ऊन काचांतूनच आत शिरतं, आणि पांढऱ्याशुभ्र गाडीतही डॅशबोर्ड बहुधा काळाच असतो. (हे कोणाला सुचलं, देव जाणे.) तेव्हा गाडी कोणत्याही रंगाची असो, पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावा आणि निघण्याआधी दोन मिनिटं दारं सताड उघडी ठेवा.