चांदी, कथील आणि बोस्टनचे कारागीर



मराठीच्या प्राध्यापकाने अमेरिकेतील जुन्या भांड्यांविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु वाचनाचे व्यसन माणसाला कोठे नेईल, याचा नेम नसतो.

वसाहतींच्या काळात तेथे बँका नव्हत्या. साठवलेली स्पॅनिश नाणी चोरीस गेली, तर ओळखायची कशी? म्हणून सधन गृहस्थ ती चांदीच्या कारागिराकडे नेत. तो ती वितळवून, ठोकून पेला घडवी व त्यावर मालकाची अक्षरे कोरी. लंडनप्रमाणे कस तपासून छाप मारणारी संस्था तेथे नव्हती. कारागिराची मुद्रा हीच हमी. १६५२ साली मॅसॅच्युसेट्सने टांकसाळ काढली, तीही जॉन हल या कारागिराच्याच हाती सोपवली.

पॉल रिव्हिअर याच परंपरेतला. त्याचे वडील फ्रान्समधून आलेले निर्वासित. बोस्टनच्या जॉन कोनीकडे ते उमेदवारीला होते. १७६८ साली राजाज्ञा धुडकावून ९२ प्रतिनिधींनी आपले निषेधपत्र मागे घेण्यास नकार दिला. त्यांच्या गौरवार्थ रिव्हिअरने चांदीचे पंचपात्र नव्हे, चांगला मोठा वाडगा घडवला! त्याच वर्षी चित्रकार कॉप्लीने त्याला सदऱ्याच्या बाह्यांनिशी, हाती किटली घेतलेला रंगवला. श्रमिकाचे असे चित्र तेव्हा दुर्मीळच. १९४९ साली तो वाडगा बोस्टनच्या संग्रहालयात आला, तो लोकवर्गणीतून. शाळकरी मुलांनीही त्यात नाणी घातली. वर्गणीवर उभ्या राहिलेल्या आपल्या संस्थेला हे निराळे सांगायला नको.

माझा ओढा मात्र प्यूटरकडे आहे. प्यूटर म्हणजे मुख्यतः कथील, आपण कल्हईला वापरतो तेच. त्यात थोडे तांबे, अँटिमनी वा शिसे. सामान्य घरातील ताटल्या, पेले याचे. इंग्लंडने तयार भांडी मोकळेपणाने येऊ दिली, पण कच्च्या कथिलावर कर लादला. मग अमेरिकन कारागीर करणार काय? जुनी, झिजलेली भांडी घेऊन तीच पुन्हा ओतणार. पितळी साचे महाग असल्याने ते दीर्घकाळ वापरले जात. त्यामुळे घाटही जुनेच राहत. पुढे स्वातंत्र्ययुद्धात कित्येक भांडी बंदुकीच्या गोळ्यांसाठी वितळली. म्हणूनच संग्रहालयांत श्रीमंतांची चांदी पुष्कळ दिसते, गरिबांचे प्यूटर थोडे. उरलेल्या एखाद्या ताटलीवर जेवणाऱ्यांच्या सुऱ्यांचे चरे अजून स्पष्ट दिसतात.