न दुखणारं दुखणं

(कोजागिरीच्या कार्यक्रमात सोसायटीतील एका निवृत्त वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दूध आटेपर्यंतचा वेळ मला दिलाय, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. तिथे कातडीखालून एक नस जाते, तिला मार बसतो. आपण रक्तवाहिनीलाही नसच म्हणतो, पण ही निरोप नेणारी. मुलांच्या पुस्तकात हिला चेता म्हणतात. हिच्यात हजारो धागे असतात आणि एकेक धागा म्हणजे एका चेतापेशीची लांबलेली शेपटी. पायाच्या अंगठ्याची खबर आणणारी पेशी कमरेपाशी बसलेली असते. म्हणजे शेपटी झाली जवळपास १ मीटर!

निरोप विजेचाच, पण घरातल्या वायरसारखा नाही. पेशीच्या पडद्याला बारीक दारं असतात. ती उघडली की बाहेरचं सोडियम, आपल्या मिठातलंच, आत शिरतं. त्याने पुढची दारं उघडतात, मग त्याच्या पुढची. जाड धाग्यांवर चरबीचं वेष्टण असतं, ते श्वान पेशी गुंडाळतात. (कुत्र्याशी संबंध नाही, श्वान हे एका जर्मन शास्त्रज्ञाचं नाव.) वेष्टण असलं की निरोप उड्या मारत सेकंदाला ५० मीटर धावतो. दुखण्याचे बरेचसे धागे बिनवेष्टणाचे, ते सेकंदाला मीटरभर. म्हणून गरम गंजाला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि आग मागाहून कळते.

कुष्ठरोगाचा जंतू नेमका या श्वान पेशींत घर करतो. त्याला अंगातली थंड जागा आवडते, म्हणून कातडी, आणि कोपरापाशी वरवर असलेली ती नस. आधी गरम-थंड कळेनासं होतं, मग दुखणं. बोटं रोगाने झडतात असं लोक म्हणतात, ते खरं नाही. भाजतं, कापतं, कळत नाही, जखम चिघळते आणि बोट जातं.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीला हा रोग जुना ओळखीचा. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती काढली, वरोऱ्याजवळ आनंदवन उभं राहिलं. तेव्हा आजच्यासारखी औषधं नव्हती. आज ६ किंवा १२ महिन्यांचा कोर्स सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत रोग पसरायचा थांबतो. पण मेलेली नस गोळ्यांनी परत येत नाही. फिकट किंवा लालसर चट्टा असेल, खाजत नसेल, दुखत नसेल, तर तोच दाखवायचा. आणि घरकामाला येणाऱ्या एखाद्या ताईच्या हातावर चट्टा दिसला तर काम बंद करू नका, दवाखान्यात पाठवा. काम जाईल या भीतीनेच लोक चट्टा लपवतात, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिलं.

न दुखणारं आणखी एक आहे, मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. पुष्कळदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. नस आणि स्नायू यांच्यामध्ये एक फट असते, तिथे नस रसायन सोडते तेव्हा स्नायू हलतो. मण्यारीचं विष नसेचं ते टोकच निकामी करतं. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, मग श्वास अडतो. माणूस मेल्यासारखा दिसतो, पण आतून ऐकत असतो! कृत्रिम श्वास दिला तर टोकं पुन्हा वाढेपर्यंत तो जगतो. निकामी झालेलं टोक लसीने सुधारत नाही, म्हणून मांत्रिकाकडे घालवलेला तास महागात पडतो. १०८ ला फोन करायचा.

आपले रात्रपाळीचे चौकीदार काका मीटरच्या खोलीसमोर खालीच अंग टाकतात. त्यांना एक खाट आणि मच्छरदाणी द्यावी, असा माझा ठराव. अनुमोदन कोण देतंय?