भरल्या ताटाचे भय

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी, शेजारच्या दालनात भोजनाची पाने मांडली जात असताना, वजन आणि आहार या विषयावर बोलणे हे थोडे धाडसाचेच आहे. परंतु कमी खाण्याचा उपदेश करण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. तो उपदेश आपण सर्वांनी पुष्कळ ऐकलेला आहे. त्या उपदेशाने कित्येकांच्या मनात जे भय निर्माण केले आहे, त्याविषयी आम्हांला बोलायचे आहे.

आपल्यातील ज्येष्ठांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. परदेशातून आलेली तांबडी मिलो आणि सुकडी यांच्यावर त्या काळी महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांनी दिवस काढले. ताट रिकामे राहील, हे त्या पिढीचे भय होते. तिच्याच मुलानातवंडांना आज ताट भरण्याचे भय वाटते. वजन उतरवण्याचा संकल्प करून कोणी गृहस्थ वा गृहिणी सकाळची न्याहारी सोडते, दुपारी एका भाकरीवर येते आणि रात्री पपईच्या चार फोडींवर झोपते. मधल्या वेळी आपल्या हैदराबादच्या रिवाजाप्रमाणे इराणी चहा आणि दोन उस्मानिया बिस्किटे होतात. ती मात्र कोणी हिशेबात धरीत नाही. पहिल्या पंधरवड्यात काटा झरझर खाली येतो, आणि मग मंदावतो. अशा वेळी आहारतज्ज्ञाने ‘आपण जरा अधिक खा’ असे सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. इतक्या कष्टाने उतरवलेले वजन एका वाटीने परत येईल, असे त्याला वाटते.

हे भय हसण्यावारी नेण्याजोगे नाही. पण ते कितपत खरे आहे, हे तपासून पाहिले पाहिजे.

प्रथम काट्याचाच विचार करू. आपले शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन या रूपाने साखरेचा थोडा साठा करून ठेवते. हा साठा साधारण अर्ध्या किलोच्या आतबाहेर असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. अन्न एकदम तोडले की हा साठा आणि त्याचे पाणी आधी जाते. पहिल्या आठवड्यातील आनंदाचा मोठा वाटा या पाण्याचा असतो. पुन्हा नीट जेवू लागताच साठा भरतो, पाणी परत येते आणि काटा किलो-दीड किलोने वर सरकतो. नेमक्या याच क्षणी मनुष्य घाबरतो आणि पुन्हा उपासाकडे वळतो. वास्तविक ती वाढ चरबीची नसते.

चरबीचा हिशेब वेगळा आहे. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. पन्नास ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी सुमारे १७० कॅलरींची होते. म्हणजे एक किलो चरबी वाढवायची, तर गरजेहून अधिक अशा पंचेचाळीस भाकऱ्या खाव्या लागतील! काल घेतलेल्या एका भाकरीने आज सकाळी किलोभर वजन वाढले, असे म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

आता दुसरी बाजू. फार कमी खाल्ल्याने काय होते? अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने १९४४-४५ साली एक प्रसिद्ध प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरण्यास सदसद्विवेकबुद्धीने नकार दिलेले छत्तीस निरोगी तरुण त्यासाठी स्वेच्छेने पुढे आले. चोवीस आठवडे त्यांना दररोज सुमारे १,५७० कॅलरींचे अन्न देण्यात आले. त्यापूर्वी ते साधारण याच्या दुप्पट खात होते. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. पण त्याबरोबर त्यांना सतत थंडी वाजू लागली, मन उदास झाले, कशात लक्ष लागेना. जागेपणी आणि स्वप्नात अन्नाखेरीज विषय उरला नाही. काहीजण तर पाककृतींची पुस्तके वाचण्यात रमू लागले. विश्रांतीच्या अवस्थेतही शरीर जी ऊर्जा खर्च करते, ती सुमारे चाळीस टक्क्यांनी घटली. प्रयोग संपल्यावर त्यांच्यापैकी कित्येकांना भरपूर जेवूनही पोट भरल्यासारखे वाटेना.

हे तरुण मुळात स्थूल नव्हते, म्हणून त्यांचे अनुभव जसेच्या तसे आपल्याला लावता येणार नाहीत. ‘उपाशी राहिल्याने वजन वाढते’ असे जे कधी कधी सांगितले जाते, तेही खरे नाही. ते तरुण अखेरपर्यंत रोडच होत गेले. बोध घ्यायचा तो इतकाच, की अतिरेकी उपासमारीला शरीर आणि मन दोन्ही प्रतिकार करतात. दिवसभर मारलेली भूक रात्री फरसाणाच्या डब्यापाशी उभी राहते. त्याला आपण जिभेचा दोष म्हणतो, पण बहुधा तो दुपारच्या रिकाम्या ताटाचा दोष असतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही.

याहून गंभीर गोष्ट प्रथिनांची. १९१८ साली कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीच्या अभ्यासासाठी ज्या कामाचा प्रारंभ केला, त्यातून वाढलेली संस्था १९५८ मध्ये आपल्या या शहरात आली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या शिफारशींप्रमाणे निरोगी भारतीय प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज मिळावीत. साठ किलो वजनाच्या व्यक्तीला ती पन्नास ग्रॅम होतात. चहा, एक भाकरी आणि पपई यांतून त्याच्या निम्मीही मिळत नाहीत. मग उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. चाळिशीनंतर गमावलेले स्नायू परत मिळवणे कष्टाचे असते, आणि उतारवयात जिना चढण्याची, पडता पडता सावरण्याची शक्ती त्या स्नायूंतच असते.

म्हणून ‘अधिक खा’ याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. वाटेल ते, वाटेल तितके खावे, असा तो नाही. गरजेहून अधिक खाल्ले तर वजन वाढणारच. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२५ कॅलरी. तेवढ्याच कॅलरी जवळजवळ किलोभर दुधी भोपळ्यात असतात. तेव्हा तेल, साखर आणि बिस्किटे यांचा हात आखडता घ्यावा आणि मटकीची उसळ, घट्ट वरण, दही, ताक, कोशिंबीर, पालेभाजी यांचा हात सैल सोडावा. मांसाहार करणाऱ्यांनी मासळी, अंडे यांना स्थान द्यावे. ताट भरलेले दिसेल, पोट भरेल आणि तरीही वजन हळूहळू उतरेल.

भय घालवायचे तर एकदम उडी घेण्याचे कारण नाही. पहिल्या आठवड्यात सकाळच्या न्याहारीला एक वाटी उसळ घ्यावी. पुढच्या आठवड्यात दुपारच्या जेवणात वाटीभर दही वाढवावे. काट्यावर रोज उभे राहू नये. आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच वेळी वजन घ्यावे आणि तीन-चार आठवड्यांचे आकडे एकत्र पाहून मगच निर्णय करावा. कमरेला शिंप्याची टेप लावावी. भारतीयांच्या बाबतीत पुरुषांचा कंबरेचा घेर नव्वद आणि स्त्रियांचा ऐंशी सेंटिमीटरच्या आत असावा, असे वैद्यक सांगते. रोज चालावे आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी ती गती उत्तम समजावी. ज्यांना मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मात्र हे सर्व डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.

आणखी एक विनंती आहे, आणि ती सर्वांना आहे. हे भय बहुधा एकट्याच्या मनात उगवत नाही. ते चारचौघांत पेरले जाते. परमुलखात आपण एकमेकांचे आप्त आहोत, म्हणून मोकळेपणाने बोलतो. हळदीकुंकवाला आलेल्या सुनेला ‘जरा भरलीस हं’ म्हणतो, आणि त्याच संध्याकाळी तिच्या पानात आग्रहाने तिसरी पुरणपोळी वाढतो. दोन्ही प्रेमानेच, पण दोन्हींतून तिची भूक तिची राहत नाही. घरातील बाई सर्वांत शेवटी, उरलेसुरले जेवते, तिला कोणी ‘अजून एक पोळी?’ असे विचारू नये. आणि एखादी मुलगी वा मुलगा जेवणाच्या वेळा चुकवू लागला, खाल्लेले ओकून टाकू लागला, झपाट्याने वाळू लागला, मुलीची पाळी थांबली, तर त्यास हट्ट न समजता आजार समजावे आणि विनाविलंब डॉक्टरांकडे व मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. तेथे उपदेशाने भागत नाही.

जेवणापूर्वी हात जोडून श्लोक म्हणण्याची आपली रीत या परमुलखातही अनेक घरांनी जपली आहे. ज्याला हात जोडायचे, त्या अन्नाला भ्यायचे कशाला? आता पाने मांडून झालीच आहेत. आज कोणी कोणाला आग्रह करू नये, कोणी कोणाच्या पानाकडे पाहू नये, आणि प्रत्येकाने आपल्या भुकेइतके, बसून, सावकाश जेवावे, एवढीच आमची प्रार्थना आहे.