जुन्या विमानाची मालकी
(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे हा विषय वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. विमान ही संस्थानिकांनी अथवा उद्योगपतींनी बाळगावयाची वस्तू; तिची चर्चा आपल्यासारख्या मध्यम स्थितीतील ज्ञातीच्या व्यासपीठावर कशासाठी, असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला सकाळी फराळाच्या वेळी विचारलेही. त्याचे उत्तर असे की, आपल्या ज्ञातीतील जी मुले नोकरीधंद्यानिमित्त अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, त्यांपैकी काहींनी तेथे हौसेने वैमानिकाचा परवाना मिळविला आहे. आणि जुने लहान विमान एखाद्या चांगल्या मोटारीच्या किमतीत मिळू शकते हे पाहून ते घेण्याचा मोह त्यांना पडू लागला आहे. अशी तीन-चार पत्रे गेल्या वर्षी कार्यवाहांकडे व त्यांच्यामार्फत मजकडे आली. ओहायो राज्यातील एका लहानशा विमानतळावर माझे व माझ्या दोन मित्रांचे मिळून १९६८ सालचे एक चार आसनी सेस्ना विमान गेली पंधरा वर्षे आहे, म्हणून ही पृच्छा मजकडे. त्या मुलांचे आईबाप आज या सभागृहात बसले आहेत. तेव्हा जे सांगावयाचे ते मुलांइतकेच त्यांनाही सांगणे मला उचित वाटले.

प्रथम, इतकी जुनी विमाने उडतातच कशी, ही शंका दूर करतो. सेस्ना कंपनीचे १७२ हे विमान १९५६ साली बाजारात आले. आजवर त्या जातीची ४४,००० हून अधिक विमाने बांधली गेली. जगात दुसऱ्या कोणत्याही विमानाची संख्या इतकी भरत नाही. परंतु अपघातानंतर कारखानदारांवर होणाऱ्या दाव्यांचा व विम्याचा भार असह्य झाल्याने कंपनीने १९८६ साली लहान पिस्टन विमानांचे उत्पादन थांबविले. १९९४ साली अमेरिकी कायद्याने कारखानदाराच्या जबाबदारीला १८ वर्षांची मर्यादा घातली, आणि मग १९९६ पासून ती पुन्हा बनू लागली. मधल्या दहा वर्षांची पोकळी कधी भरून निघाली नाही. नव्या विमानाची किंमत पगारदार माणसाच्या आटोक्याबाहेर गेली. तेव्हा सामान्य मनुष्याचे विमान म्हणजे जुने विमान, हे समीकरण तेथे कायम झाले. आपल्याकडील दाखला हवा असेल तर जे. आर. डी. टाटा यांचा घ्या. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरविले, हे आपण जाणताच. त्या घटनेला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास लेपर्ड मॉथ या १९३०-४० च्या दशकातील विमानातून एकट्याने पुन्हा केला. वैमानिक वृद्ध, विमानही वृद्ध. परंतु दोघांचीही निगा उत्तम होती.

निगा हाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे. विमान जुने असल्याने धोक्याचे होत नाही. ते टाकून ठेवल्याने धोक्याचे होते. एप्रिल २०१८ मध्ये फ्लोरिडा राज्यात डेटोना बीच येथे एका विमानविद्यापीठाच्या पायपर विमानाचा पंख हवेत निखळला आणि शिकाऊ वैमानिक व परीक्षक दोघेही प्राणास मुकले. ते विमान २००७ सालचे, म्हणजे अवघ्या अकरा वर्षांचे होते. परंतु विद्यार्थ्यांच्या हाताखाली ते सात हजारांहून अधिक तास उडाले होते, आणि पंखाच्या मुख्य तुळईत बोल्टाच्या भोकापाशी धातू थकून भेग गेली होती. बाहेरून पाहणाऱ्यास ती दिसण्यासारखी नव्हती. पुढे अमेरिकेच्या हवाई वाहतूक खात्याने त्या जातीच्या हजारो विमानांच्या तुळया विद्युत्-उपकरणांनी तपासण्याचा आदेश काढला. तो २०२१ पासून अमलात आला. असे सक्तीचे आदेश प्रत्येक जातीच्या विमानासाठी निघत असतात. सेस्नाच्या आसनांचा आदेश तर मी प्रत्येक तरुणास तोंडपाठ करावयास सांगतो. या विमानातील वैमानिकाचे आसन रुळांवर पुढेमागे सरकते व एका खिळीने रुळाच्या भोकात अडकते. वर्षानुवर्षांच्या वापराने ते भोक झिजून लांबट झाले की, विमान नाक वर करून चढत असता आसन अकस्मात मागे सरकते. वैमानिक आधारासाठी हातातील सुकाणू धरतो, ते मागे ओढले जाते, नाक आणखी वर जाते आणि विमान कोसळते. यासाठी १९८७ साली आदेश निघाला व २०११ साली तो सुधारून काढण्यात आला. भोक किती झिजलेले चालेल याचे माप त्यात दिले आहे. एवढ्याशा भोकावर चार माणसांचे प्राण अवलंबून असतात.

आता खरेदीसंबंधी. आपण ज्ञातीत स्थळ पाहावयास जातो तेव्हा मुलगा गोरागोमटा आहे एवढ्यावर कोणी होकार देत नाही. घराण्याची माहिती काढतो, आणि ती त्याच्या घरच्यांकडून नव्हे तर तिऱ्हाइताकडून काढतो. विमानाचे तसेच आहे. प्रत्येक विमानाबरोबर त्याच्या सांगाड्याच्या व इंजिनाच्या नोंदवह्या असतात. पहिल्या उड्डाणापासूनची प्रत्येक तपासणी, प्रत्येक दुरुस्ती, बदललेला प्रत्येक महत्त्वाचा भाग त्यांत तारीखवार व सहीनिशी लिहिलेला असावयास पाहिजे. ही विमानाची वंशावळ व पत्रिका एकदमच. एखादी वही हरवली असेल तर किंमत बरीच उतरते. कारण मधल्या काळात ते कोठे आपटले होते काय, हे मग कोणासच सांगता येत नाही. याशिवाय ओक्लाहोमा सिटी येथील सरकारी दप्तरात मालकीचा व कर्जाचा शोध घ्यावा लागतो. अन्यथा विक्रेत्याच्या बँकेचा बोजा आपल्या माथी येतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खरेदीपूर्व तपासणी, आणि ती करणारा यंत्रज्ञ आपला, विक्रेत्याचा नव्हे. आम्ही तिघांनी प्रथम जे विमान पाहिले त्याचा रंग नुकताच दिलेला, आसने नव्या कातड्याची, आणि मागणीही माफक होती. आमच्यापैकी एकजण तर तेथल्या तेथे धनादेश लिहावयास निघाला. आमच्या यंत्रज्ञाने दिवसभर झाकणे उघडून पाहिली, आरसा व दिवा घेऊन शेपटाच्या पोकळीत शिरला, आणि संध्याकाळी पंखाच्या मुळाशी अॅल्युमिनियमवर आलेली पांढरी भुकटी त्याने आम्हास बोटावर घेऊन दाखविली. ते विमान कित्येक वर्षे समुद्रकिनारी उघड्यावर उभे होते. खारी हवा पत्र्यांच्या सांध्यांत शिरून आतून धातू खात होती. नवा रंग त्यावरच चढविलेला होता. तपासणीचे पैसे आम्ही दिले व परतलो. घरी माझ्या सौभाग्यवतीने विचारले, “पैसे फुकट गेले ना?” मी तिला म्हणालो की, आजवर खर्च केलेल्या पैशांत याहून सार्थकी लागलेले मला दुसरे आठवत नाहीत. पुढे सात महिन्यांनी जे मिळाले ते दिसावयास सामान्य, रंग उडालेले. परंतु छपराखाली वाढलेले व नियमाने उडालेले होते.

“नियमाने उडालेले” या शब्दांवर मी भर देतो. नोंदवहीत इंजिन अवघे पाचशे तास चालले आहे असे वाचून नवशिका हर्षित होतो. ते पाचशे तास पाच वर्षांत झाले की पंचवीस वर्षांत, हे तो पाहत नाही. आमच्या विमानातील लायकॉमिंग इंजिनाचा आयुर्मान-दाखला २,००० तासांचा किंवा बारा वर्षांचा आहे. वर्षांची अट पोकळ नव्हे. या इंजिनात झडपा हलविणारा कॅमदंड सर्वांत वरच्या बाजूस असतो. इंजिन महिनोगणती उभे राहिले की त्यावरील तेल निथळून जाते, दमट हवेचे पाणी पोलादावर बसते, गंजाचे ठिपके पडतात, आणि मग इंजिन चालू केल्यावर ते ठिपके कानशीप्रमाणे काम करतात. अधूनमधून जागच्या जागी दहा मिनिटे इंजिन फिरविणे हा उपाय नव्हे, उलट अपाय आहे. जळणापासून निर्माण झालेले पाणी तेलात उतरते, आणि ते उडून जाण्याइतके तेल तापतच नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण मोठे रंजक आहे. ४ डिसेंबर १९५८ रोजी रॉबर्ट टिम व जॉन कुक हे दोघे लास व्हेगासहून एका सेस्ना १७२ मध्ये बसून आकाशात गेले, ते ७ फेब्रुवारी १९५९ रोजी खाली उतरले. चौसष्ट दिवस, बावीस तास, एकोणीस मिनिटे! रस्त्यावरून धावणाऱ्या मालमोटारीवर उतरत उतरत येऊन ते दोरीने पेट्रोलची नळी वर ओढून घेत, जेवणही तसेच. इंजिनाचे तेल उडता उडता बदलण्याची सोय त्यांनी केली होती. म्हणजे १,५५८ तास ते इंजिन क्षणभर न थांबता चालले! शेवटी काजळीने त्याची शक्ती घटली म्हणून उतरावे लागले. लास व्हेगासच्या विमानतळावर ते विमान टांगून ठेवले आहे. चालत्या यंत्राला गंज चढत नाही, एवढाच भाग आपण त्यातून घ्यावयाचा. अनुकरण कोणी करू नये.

खर्चाचा हिशेब मुले नेमका येथेच चुकवितात. छप्पर, विमा, वार्षिक तपासणी हा खर्च विमान उडो अथवा न उडो, होणारच. समजा, तो वर्षास ८,००० डॉलर आहे. शंभर तास उडाल्यास तासास ८० डॉलर पडतात. पंचवीस तास उडाल्यास ३२०. त्यावर तासाला सुमारे आठ गॅलन पेट्रोल, आणि प्रत्येक तासागणिक इंजिनाच्या पुढील नूतनीकरणासाठी बाजूस काढावयाची रक्कम. ही शेवटची रक्कम बहुतेक जण बाजूस काढीत नाहीत. यात अमेरिकेतील मुलांचाच दोष आहे असे नव्हे. आपल्या विद्यार्थि-वसतिगृहाचेच पाहा: इमारत बांधताना प्रत्येक खोलीवर देणगीदाराचे नाव कोरले गेले, परंतु गच्चीच्या गळतीसाठी निधी मागितला तेव्हा कार्यवाहांना किती दारे झिजवावी लागली, हे अहवालात छापलेलेच आहे. विषयांतर झाले, क्षमा असावी.

आमच्या तिघांच्या भागीचा करार चार पानी आहे. त्यातील एक कलम असे की, प्रत्येकाने दरमहा ठरीव रक्कम नूतनीकरणाच्या खात्यात भरावयाची, आणि ती तिघांच्या सह्यांवाचून काढता येणार नाही. चौथ्या वर्षी एका सिलिंडरने दगा दिला. तपासणीत सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा सोडतात व किती टिकते ते पाहतात. इतर तिघांनी सत्तरच्या वर धरली, हा पन्नासाच्या घरात आला. बाहेर जाणाऱ्या वायूची झडप जळली होती. खात्यात पैसे होते म्हणून मैत्री शाबूत राहिली.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. दर बारा महिन्यांनी अधिकृत परीक्षकाकडून संपूर्ण तपासणी झालीच पाहिजे. तेल बदलणे, स्पार्क प्लग साफ करणे, चाकाचा टायर बदलणे अशी काही ठरावीक कामे वैमानिक असलेल्या मालकास स्वतः करून सहीने नोंदविता येतात. ती त्याने अवश्य करावीत, कारण हात काळे झाल्याखेरीज यंत्राची ओळख होत नाही. परंतु विमान उड्डाणयोग्य ठेवण्याची प्राथमिक जबाबदारी यंत्रज्ञावर नसून मालकावर आहे, असे तेथील नियमात स्पष्ट लिहिलेले आहे. यंत्रज्ञाने सही केली म्हणून मालक सुटत नाही.

या जबाबदारीचा प्रसंग लग्नाच्या मुहूर्ताप्रमाणे पाहून येत नाही. मिशिगनमध्ये ज्ञातीतील एका मुलीच्या लग्नास आम्ही विमानाने निघालो होतो. मागे माझ्या सासूबाई नऊवारी नेसून, मांडीवर आहेराचा डबा घेऊन बसल्या होत्या. या इंजिनांत ठिणगी देणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात, आणि उड्डाणापूर्वी एकेक बंद करून पाहावयाचा असतो. त्या दिवशी उजव्यावर इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर उतरले व ते थरथरू लागले. प्लगवरची काजळी जाळून पाहिली. फरक पडला नाही. आकाश निरभ्र, मुहूर्त दुपारचा, दुसरा मॅग्नेटो ठणठणीत. एकावर विमान उडते हे मलाही ठाऊक होते. विमान वळवून मी छपराकडे आणले. सासूबाईंना इंजिनातले काही कळत नव्हते, त्या एवढेच म्हणाल्या, “जावईबापू, मोटार काढा. अक्षता चुकतील, जेवण चुकणार नाही.” अक्षता चुकल्याच. यंत्रज्ञाने मॅग्नेटो उघडला तेव्हा आतील संपर्कबिंदू झिजून गेलेले निघाले. उपस्थित आईबापांनी आपल्या मुलास विमानाची किंमत विचारण्याऐवजी, असे किती वेळा परत फिरलास, हे विचारावे.

एक प्रश्न मात्र आज अनिर्णित आहे. या इंजिनांचे पेट्रोल अद्याप शिसेमिश्रित आहे. ते २०३० अखेर बंद करण्याचे उद्दिष्ट अमेरिकेत ठरले आहे. शिसेविरहित पेट्रोलला २०२२ साली तेथे मान्यता मिळाली. परंतु ते सर्वत्र मिळत नाही, आणि जुन्या टाक्या व रबरी भागांवर त्याचा परिणाम काय होतो याविषयी मालकांत वाद चालू आहे. या वर्षी विमान घेऊ इच्छिणाऱ्याने आपल्या विमानतळावर पुढे कोणते पेट्रोल मिळणार याची चौकशी आधी करावी.

खरेदीपूर्व तपासणीत आमच्या यंत्रज्ञाने पाहिलेल्या बाबींची यादी व भागीच्या कराराचा मसुदा, दोन्ही मराठीत करून मी कार्यवाहांच्या स्वाधीन केली आहेत. ज्यांना हवी असतील त्यांनी संघाच्या कचेरीतून मागवून घ्यावीत.